माळवदाचे घर व त्याची निगा

यंदाच्या स्मरणिकेसाठी समाजाच्या पूर्वइतिहासाविषयी काही लिहून द्यावे, अशी मंडळाच्या चिटणिसांनी आज्ञा केली. आपल्या सुतार समाजाचा इतिहास म्हटला की मंदिरांचे सभामंडप, वाड्यांचे कोरीव खांब व देवांचे रथ यांचेच वर्णन करण्याचा प्रघात आहे. तो अभिमान योग्यच होय. परंतु सामान्य शेतकरी ज्या घरात पिढ्यानुपिढ्या राहिला, ते माळवदाचे घर कसे उभे राहिले व कोणाच्या निगेने टिकले, हे फारसे कोणी लिहून ठेविले नाही. घनसावंगी परिसराच्या संदर्भात ते मांडण्याचा हा अल्प प्रयत्न आहे. प्रस्तुत लेखकाची हयात खडू-फळ्यापाशी गेली. वाकस हाती धरला तो लहानपणी वडिलांना उचलून देण्यापुरताच. तरी चूकभूल सुज्ञ वाचकांनी पदरात घ्यावी.

घनसावंगीचा मुलूख गोदावरीच्या उत्तर अंगाचा. 1608 साली समर्थ रामदासांचा जन्म झाला ते जांब याच तालुक्यात आहे. हा सर्व भाग सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. 1956 साली तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला, 1 मे 1960 रोजी महाराष्ट्रात समाविष्ट झाला आणि 1 मे 1981 रोजी जालना जिल्हा वेगळा झाला. राज्ये बदलली, जिल्हे बदलले. घराची घडण मात्र दीर्घकाळ तीच राहिली. याचे कारण हवामानात आहे. कोकणासारखा धो धो पाऊस येथे नाही, आणि वैशाखाचे ऊन तर जीव नकोसा करणारे. अशा ठिकाणी उतरत्या कौलारू छपरापेक्षा मातीचे जाड, सपाट माळवदच अधिक सुखाचे ठरले.

या घराचे मोजमाप खणांवर चाले. दोन तुळयांमधील जागा म्हणजे एक खण. दगडी बैठकीवर खांब, खांबावर तुळई, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा लहान लाकडांचा दाट थर, त्यावर पालापाचोळा व चिखल, आणि अखेरीस पांढरीची माती. शेतातील काळी माती सुकली की भेगाळते, म्हणून ती वर्ज्य. गावठाणाची जुनी पांढरी माती मात्र चोपून बसविली असता पाणी सहसा आत घेत नाही. श्रीमंताच्या घरी सागवान, गरिबाच्या घरी बाभूळ व कडुनिंब. खांबास खाच पाडून तीत कुसू ठोकून केलेला सांधा असे. खिळ्याचे काम थोडकेच. भिंत दगडमातीची, दोन ते तीन फूट रुंद. परंतु माळवदाचा भार मुख्यतः लाकडी सांगाड्याने पेलावा, भिंतीने घर झाकावे, अशी ही योजना होती.

घर बांधण्याचे काम आयुष्यात एकदा, निगा मात्र दरसाल. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 1915 सालच्या 'गांव-गाडा' या ग्रंथात बलुतेदारीचे सविस्तर वर्णन आहे. सुतार हा त्यातील प्रमुख बलुतेदारांपैकी एक. नांगर, वखर, पाभर यांची दुरुस्ती बलुत्यात होई. घरबांधणीचा मोबदला निराळा ठरे. मृग निघण्यापूर्वी वडील एकेका घरी जाऊन खांबावर वाकसाची दांडी ठोकीत. भरीव आवाज आला तर पुढे चालावे. पोकळ आला तर वाळवी लागली असे समजून टेकू द्यावा व खांब बदलावा, ही त्यांची रीत. जिकडून पाणी वाहते ती पन्हळ मोकळी आहे की नाही, हेही ते पाहात.

सन 1900 च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग जालन्यावरून गेला, आणि बाहेरचा माल या भागात येऊ लागला. पन्हाळी पत्र्याचा शोध लंडनमध्ये 1829 साली लागलेला. मंगळूरच्या बासेल मिशनचा कौलांचा कारखाना 1865 सालचा. पोर्टलंड सिमेंटचे पेटंट तर त्याही आधीचे, 1824 सालचे. या वस्तूंना व शहाबादी फरशीला खेड्यापर्यंत पोहोचण्यास अनेक दशके लागली. आधी ओसरीवर पत्रा आला, मग स्वयंपाकघरात फरशी, आणि अखेर सिमेंटचा गिलावा. घरधन्याची सोय झाली यात शंका नाही. परंतु पांढरी माती चोपणारे, चुन्याची घाणी चालविणारे व खांब ठोकून पाहणारे हात हळूहळू कमी झाले.

येथे एक प्रसंग सांगणे अवश्य वाटते. माळवद गळू लागले की जुनी माती उतरवून नवी घालावी, हा नियम. पण उतरविण्याची मजुरी वाचावी म्हणून लोक दरसाल वरूनच नवी माती टाकीत. मी शाळकरी असताना एका वृद्ध गृहस्थांनी वडिलांना म्हटले, "मिस्त्री, वरूनच चार बोटं माती टाकून घ्या." वडील म्हणाले, "पाटील, आधी जुनी उतरवा. तुळईनं किती सोसावं?" पाटलांना ते रुचले नाही, काम दुसऱ्याकडे गेले. त्या वर्षी दिवाळीचे कपडे आम्हांस मिळाले नाहीत, म्हणून मी मनातून वडिलांवरच रुष्ट होतो.

मास्तर झाल्यावर मी तो हिशेब करून पाहिला. दहा फूट लांब व पाच फूट रुंद खणावर एक फूट मातीचा थर म्हणजे 50 घनफूट माती. घनफुटास 45 किलो धरले तरी 2,250 किलो, म्हणजे साडेबावीस क्विंटल. थर दोन फूट झाला की भार दुप्पट. पावसात भिजल्यावर आणखी अधिक.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने या हिशेबाचे भयंकर उत्तर दिले. गणेशविसर्जन करून लोक नुकतेच निजले होते. लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे दगडमातीखाली गेली. किल्लारी आपणांपासून दूर असली तरी घरे आपल्याच घडणीची होती. पाहणी करणाऱ्या तज्ज्ञांना पुष्कळ ठिकाणी असे दिसले, की भिंतींच्या दोन पदरांना सांधणारे आरपार दगड घातलेले नव्हते व छपरावर मातीचे थर साचले होते. मात्र कित्येक घरांत भिंती कोसळूनही लाकडी सांगाडा उभा राहिला. आपल्या पूर्वजांच्या सांध्याला याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते?

त्यानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने सरकारने पुनर्वसन हाती घेतले. 52 गावे नव्या जागी वसली, आणि लाखाहून अधिक घरांची दुरुस्ती व मजबुती करण्याचे काम झाले. उपाय साधेच होते: माळवदाची माती कमी करणे, भिंतीत आरपार भोक पाडून सळई व काँक्रीट भरणे, खांब व तुळई यांच्या कोनात तिरपे लाकूड बसविणे. वडिलांनी पाटलांना सांगितलेली गोष्टच यात पहिली होती. ते वृत्त वाचले त्या दिवशी दिवाळीच्या कपड्यांचा माझा राग गेला; परंतु तसे सांगण्यास वडील हयात नव्हते.

आज घरकुल योजनेतून पक्की घरे उठत आहेत, जालन्याच्या कारखान्यांतील सळया सर्वत्र जात आहेत. ते इष्टच आहे. तरीही जुनी माळवदे पुष्कळ शिल्लक आहेत, आणि त्यांत बहुधा वृद्ध आईबापच राहतात. समाजाच्या तरुणांस माझी विनंती एवढीच, की त्यांनी फर्निचरच्या कामाबरोबर ही विद्याही शिकावी. पावसापूर्वी गावातील दहा जुनी घरे पाहावी, खांब ठोकावे, माती मोजावी. घरधन्यास न रुचले तरी खरे ते सांगावे. काम गेले तरी चालेल. घर राहील, आणि त्यातील माणसे राहतील.