डुक्कर फियाटचा मूळ रंग

उजव्या मडगार्डवर ओला पॉलिश पेपर फिरवता फिरवता डेंटर थांबला आणि त्याने मला हाक मारली. तळहाताएवढ्या जागेत रंगांचे थर झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखे एकाखाली एक उघडे पडले होते. वर क्रीम, त्याखाली आकाशी, मग गडद हिरवा, मग राखाडी आणि सगळ्यांत खाली रेड ऑक्साइड. त्याने विचारलं, "साहेब, ओरिजिनल कुठला धरायचा? हा तळातला राखाडी, की तुमच्या वडिलांनी मारलेला आकाशी?"

प्रश्न रंगकामाचा होता, पण तो मला इतिहासाचा वाटला. गाडी पन्नासच्या दशकातली, कुर्ल्यात तयार झालेली फियाट ११००. अजून तिच्यावर 'बीएम'ने सुरू होणारा, जुन्या मुंबई राज्याच्या काळातला क्रमांक आहे. वडिलांनी ती साठच्या दशकात जुनी म्हणून घेतली. पुढच्या फुगीर, गोलसर नाकाडामुळे मुंबईकरांनी या गाडीला 'डुक्कर फियाट' म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव कायमचं चिकटलं. नावात हेटाळणी नव्हती, घरच्या माणसाला ठेवलेल्या टोपणनावातला लळा होता. अशा गाडीचं 'मूळ' नेमकं कशाला म्हणायचं, हा या लेखाचा विषय.

सोयीचं उत्तर म्हणजे इटली. फियाट ११००-१०३ हे मॉडेल १९५३ साली जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात जगासमोर आलं. इटालियन लोक तिला 'मिलेचेंतो', म्हणजे अकराशे, म्हणत. वेगळी चेसिस नाही, पत्र्याचा सांगाडा हाच गाडीचा कणा. पुढची दारं उलटी, मागच्या बाजूला बिजागरी असलेली. गिअरचा दांडा स्टीअरिंगखाली. पण तिचं इंजिन १९५३चं नव्हतं. १०८९ सीसीचं हे चार सिलिंडरचं इंजिन दान्ते जाकोसा या अभियंत्याच्या हाताखाली घडलं आणि १९३७ सालच्या फियाटमध्ये प्रथम आलं. म्हणजे नवी म्हणून पुढे आलेली ही गाडी पोटात सोळा वर्षांपूर्वीचं हृदय घेऊनच आली होती.

दुसरं उत्तर कुर्ला. भारतात मोटारीचा कारखाना काढावा, ही कल्पना विश्वेश्वरय्यांनी तीसच्या दशकात मांडली. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी ती उचलून धरली, अमेरिकेतल्या क्रायस्लरशी बोलणी केली आणि १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या घराण्यातली वाहनं बाहेर पडू लागली. फियाट पन्नासच्या दशकात आली. आधी छोटी फियाट ५००, आणि १९५४ पासून ही ११००. वालचंदांना ती पाहायला मिळाली नाही, १९५३ च्या एप्रिलमध्ये ते गेले.

त्याच वर्षी टॅरिफ आयोगाचा अहवाल आला आणि सरकारचं धोरण ठरलं: ज्यांना टप्प्याटप्प्याने इथेच सुटे भाग बनवायचे असतील त्यांनी राहावं, नुसती खोकी उघडून गाड्या जोडणाऱ्यांनी गाशा गुंडाळावा. १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडणारी जनरल मोटर्स गेली, फोर्डही गेली. उरलेल्या मोजक्या कंपन्यांत प्रीमियर होती. म्हणून डुक्कर फियाट ही अर्धवट स्थलांतरित गाडी. आराखडा तुरीनचा, पण दर वर्षी तिच्यातले काही भाग इथले होत गेले. बंगळूरच्या मायकोचे प्लग आले, पुढे लुकास-टीव्हीएसची विजेची सामग्री आली. कारखान्यातून निघतानाच दोन वर्षांच्या अंतराने बनलेल्या दोन गाड्या सारख्या नसत. मग 'मूळ' कुठल्या वर्षीचं धरायचं?

तिसरं उत्तर मला गाडी चालवताना सापडलं, खरं तर गाडी बंद पडल्यावर.

मे महिन्यात बोरघाट चढताना ही गाडी कशी वागते, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना सांगायला नको. खोपोली सोडल्यावर दुसरा गिअर, तापमानाचा काटा वर, आणि खंडाळ्याच्या अलीकडे इंजिन एखादी उचकी देऊन गप्प. याच घाटातल्या रेल्वेच्या बोगद्यांचं काम विसाच्या दशकात वालचंदांच्या कंपनीने केलं होतं. त्यांच्याच कारखान्यातली गाडी शेजारच्या रस्त्यावर धापा टाकत उभी असे.

अशा वेळी वडिलांचा क्रम ठरलेला होता. आधी ठिणगी. प्लगची वायर काढून तिचं टोक इंजिनाच्या लोखंडाजवळ धरायचं आणि कुणीतरी हँडल मारायचं. निळी ठिणगी पडली तर वीज ठीक. पडली नाही तर डिस्ट्रिब्युटरचं टोपण काढून पॉइंट पाहायचे, काळे पडले असतील तर घासायचे आणि फट नीट करायची. फीलर गेज हाताशी नसला तर वडील लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचा तुकडा वापरत, तो त्यांच्या पाकिटात कायम असे. ठिणगी असूनही गाडी चालू झाली नाही, तर दोष पेट्रोलचा. कार्ब्युरेटरकडे जाणारा पाइप सैल करून पुन्हा हँडल. पेट्रोल उसळलं नाही, म्हणजे उष्णतेने नळीतच त्याची वाफ झाली आहे. इंजिनावर बसवलेला पेट्रोल पंप द्रव ढकलू शकतो, वाफेपुढे तो हतबल. उपाय एकच: ओलं फडकं पंपावर गुंडाळायचं आणि चहा प्यायचा. चहा संपेपर्यंत गाडी चालू होई.

ही झाली रस्त्यावरची दुरुस्ती. खरा इतिहास गॅरेजमध्ये घडला. त्या काळात नवी गाडी पैसे मोजून लगेच मिळत नसे. नोंदणी करून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. १९५९ पासून मोटारींच्या विक्री-वाटपावर सरकारी नियंत्रणाचा आदेश होता. परदेशी सुट्या भागांची आयात परवान्यात अडकलेली. मग गाडी मोडीत काढणं परवडणारं नव्हतं, ती जगवावीच लागे. ऑपेरा हाऊसच्या सुट्या भागांच्या दुकानात नाही मिळालं तर चोर बाजार, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार, आणि तिथेही नाही मिळालं तर लेथ.

माझ्या गाडीच्या गिअरच्या दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत जाणाऱ्या सळ्यांमध्ये एक पितळी बुश आहे. तो इटलीचाही नाही आणि कुर्ल्याचाही नाही. मूळ बुश झिजला, गिअर अडकू लागला, तेव्हा आमच्या मिस्त्रींनी पितळेच्या गजातून लेथवर तो काढून घेतला. गेली कित्येक वर्षं तो झिजलेला नाही. इंजिनाचंही तसंच. या इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची चाल ७५, त्यावरून १०८९ सीसी. सिलिंडर झिजले की ते बोअर करून मोठे पिस्टन घालायचे. व्यास फक्त एका मिलिमीटरने वाढला तरी इंजिन सुमारे ११२२ सीसीचं होतं. म्हणजे दोन-तीनदा बोअर झालेल्या गाडीच्या नोंदणी पुस्तकातला १०८९ हा आकडाही भूतकाळातलाच.

आणि अखेर बोअर करायलाही जागा उरली नाही, तेव्हा वडिलांनी मोडीतल्या पद्मिनीचं इंजिन आणून बसवलं. यात आश्चर्य काहीच नाही. १९६४ साली आलेली ११०० डिलाइट, सत्तरच्या दशकात फियाट हे नाव जाऊन झालेली प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी, या सगळ्यांच्या पोटात १०८९ सीसीचं तेच घराणं होतं. १९३७ मध्ये जन्मलेलं हे इंजिन कुर्ल्यात २००० सालाच्या सुमारापर्यंत बनत राहिलं. पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात मुंबईत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. त्या दिवशी अनेकांनी हळहळ व्यक्त केली. माझ्या मनात आलं, की त्या टॅक्सीची मोठी बहीण अजून माझ्या दारात उभी आहे आणि तिच्यात एका धाकट्या बहिणीचं हृदय आहे.

हे सगळं आज आठवण्याचं कारण कायदा आणि छंद, दोन्ही. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेल्या वाहनाला ही मान्यता मिळू शकते. नव्याने नोंदणी करणाऱ्याला 'व्हीए' अक्षरांची मालिका, आधीच नोंद असलेल्याला आपला जुना क्रमांक ठेवायची मुभा. अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात जपलेली असावी आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. हेतू चांगला आहे. जुन्या नावाखाली भलतंच वाहन उभं करणाऱ्यांना आळा बसायला हवा. पण जिला वेगळी चेसिसच नाही, जिचा पत्रा हाच सांगाडा आहे आणि मुंबईच्या खाऱ्या हवेने व पावसाने ज्या पत्र्याला दर काही वर्षांनी ठिगळं लावावी लागली, त्या गाडीच्या बाबतीत दुरुस्ती कुठे संपते आणि फेरफार कुठे सुरू होतो?

छंदिष्टांचं उत्तर सोपं आहे. इटलीतून भाग मागवा, बुश फेका, जुन्या क्रमांकाचं इंजिन शोधा, तळातला राखाडी रंग लावा. गाडी १९५४ सालच्या जाहिरातीतल्यासारखी दिसेल. प्रदर्शनात बक्षीसही मिळेल. पण अशी गाडी खरं तर कधीच अस्तित्वात नव्हती. कुर्ल्याच्या दारातून बाहेर पडली त्या दिवसापासून ती बदलत होती, आणि ती बदलत होती म्हणूनच टिकली. तिला कारखान्यातल्या पहिल्या दिवसाकडे परत नेणं म्हणजे जुन्या वाड्याच्या भिंतीवरचे पिढ्यांचे चुन्याचे थर खरवडून खालची वीट दाखवण्यासारखं आहे. वीट खरी असते, पण त्या घरात कोण राहून गेलं, हे ती सांगत नाही.

आपल्या उद्योगाचा इतिहास लिहिताना आपण परवाने, करार आणि उद्योगपती यांच्यापाशी थांबतो. ते आवश्यकच आहे. पण टंचाईच्या त्या चाळीस वर्षांत गाड्या चालत्या ठेवणाऱ्या मिस्त्री, लेथवाले, डेंटर यांनी काहीही लिहून ठेवलं नाही. त्यांचा एकमेव दस्तऐवज म्हणजे या गाड्याच. पितळी बुश, वेल्डिंगचं ठिगळ, पद्मिनीचं इंजिन ही त्यांची अक्षरं आहेत. 'मूळ स्वरूप' या नावाखाली आपण ती पुसून टाकली, तर मागे उरेल तो फक्त इटालियन आराखडा, आणि तो तर तुरीनला नीट जपून ठेवलेला आहेच.

याचा अर्थ गाडी जशी आहे तशी गंजू द्यायची, असा मुळीच नाही. जुन्या रबराच्या नळ्या आणि पंपाचा डायफ्रॅम मी बदलले, कारण पेट्रोलमधलं इथेनॉल वीस टक्क्यांवर गेलं आहे आणि जुनं रबर त्यात टिकत नाही. म्हणजे आजची दुरुस्तीही त्याच परंपरेतली, काळाने लादलेली. फरक इतकाच, की मी वही घातली आहे. काय बदललं, का बदललं, कुणी बदललं, आणि काढलेला भाग कुठे ठेवला, ते तीत लिहितो. पहिल्या पानावर आमच्या मिस्त्रींचं नाव आहे आणि त्यापुढे 'गिअरचा बुश, पितळ, लेथवर' एवढंच.

डेंटरला मी आकाशी सांगितला. डिकीच्या आतल्या बाजूला, जिथे कुणाची नजर जात नाही, तिथे तळहाताएवढा चौकोन त्याने माझ्या सांगण्यावरून तसाच घासून उघडा ठेवला आणि वर पारदर्शक लॅकर मारलं. क्रीम, आकाशी, हिरवा, राखाडी, रेड ऑक्साइड. पुढे कुणी विचारलं, यातला मूळ कुठला, तर त्याला सगळेच दाखवता येतील.