कवकांतील नत्रोपयोगाचे नियमन : एका अनुमानाचा इतिहास

कवकांना नत्र अमोनियम, नायट्रेट, प्यूरिने, अमिनो आम्ले अशा अनेक द्रव्यांपासून मिळविता येतो. तथापि अमोनियम विपुल असता इतर द्रव्यांच्या उपयोगास लागणारी एन्झाइमे फारशी निर्माण होत नाहीत. ही काटकसर कशी साधली जाते?

१९६१ मध्ये झाकोब व मोनो यांनी जीवाणूंविषयी मांडलेल्या उपपत्तीत निरोधकास प्रमुख स्थान होते. तो दूर झाला की जनुक कार्य करू लागते. कवकांतही असाच निरोधक असेल काय, हा प्रश्न त्यामुळे ओघानेच आला.

१९७३ मध्ये आर्स्ट व कोव्ह यांनी ‘अ‍ॅस्परजिलस निड्युलन्स’च्या उत्परिवर्तित वाणांवरून निराळा निष्कर्ष काढला. ‘एआरई-ए’ हे एकच जनुक निकामी झाले असता कवक अमोनियमवर वाढते. परंतु नायट्रेटादी अनेक द्रव्यांचा उपयोग त्यास करता येत नाही. निरोधक नष्ट झाला असता, तर नेमके याच्या उलट घडावयास हवे होते. अर्थात या जनुकाचे कार्य निरोधकाचे नसून प्रेरकाचे होय.

१९९० मध्ये या जनुकाच्या प्रथिनात डीएनएशी संलग्न होणारी जस्तयुक्त रचना असल्याचे दाखविण्यात आले. पुढे ‘एनएमआर-ए’ हे प्रतिबंधक प्रथिनही सापडले खरे. परंतु तेही या प्रेरकासच अडविते. केवळ वाढीच्या तुलनेवरून काढलेले अनुमान अशा रीतीने सतरा वर्षांनी रेणूंच्या पातळीवर सिद्ध झाले.