ग्रेट ॲलेगेनी पॅसेज

ग्रेट ॲलेगेनी पॅसेज हा अमेरिकेच्या पेन्सिल्व्हेनिया आणि मेरीलँड या राज्यांतील सुमारे २४० किमी (१५० मैल) लांबीचा, मोटारवाहनांना बंदी असलेला सायकल व पदभ्रमण मार्ग आहे. तो पिट्सबर्ग शहरातील पॉइंट स्टेट पार्कपासून मेरीलँडमधील कंबरलंड शहरापर्यंत जातो. मार्गाचा बहुतांश भाग बंद पडलेल्या लोहमार्गांच्या जागेवर उभारलेला असून त्यावर चुनखडीची बारीक खडी दाबून बसवलेली आहे. मोनोंगाहेला, योकोगेनी आणि कॅसलमन या नद्यांच्या खोऱ्यांतून हा मार्ग ॲलेगेनी पर्वतरांग ओलांडतो. कंबरलंड येथे तो चेसापीक व ओहायो कालव्याच्या काठावरील जुन्या वाटेला मिळतो. त्यामुळे पिट्सबर्ग ते वॉशिंग्टन डी.सी. असा सुमारे ५४० किमीचा सलग प्रवास सायकलने करता येतो.

== भूगोल ==

पिट्सबर्गकडून निघाल्यावर मार्ग प्रथम मोनोंगाहेला नदीच्या काठाने मकीस्पोर्टपर्यंत जातो. तेथे योकोगेनी नदी मोनोंगाहेलाला मिळते. पुढे मार्ग योकोगेनीच्या प्रवाहाविरुद्ध दिशेने कॉन्फ्लुअन्स या गावापर्यंत पोहोचतो. ‘संगम’ या अर्थाचे नाव असलेल्या या गावाजवळ कॅसलमन नदी व लॉरेल हिल क्रीक हे प्रवाह योकोगेनीला मिळतात. कॉन्फ्लुअन्सपासून मायर्सडेलपर्यंत कॅसलमनचे खोरे मार्गाला सोबत करते. त्यानंतर पूर्व खंडीय जलविभाजकाचा चढ येतो.

जलविभाजकाची उंची समुद्रसपाटीपासून ७२९ मी. (२,३९२ फूट) असून तो या मार्गाचा सर्वोच्च बिंदू आहे. त्याच्या पश्चिमेला पडणारे पाणी ओहायो व मिसिसिपी नद्यांमधून मेक्सिकोच्या आखातात जाते, तर पूर्वेकडील पाणी पोटोमॅक नदीतून चेसापीक उपसागराला मिळते. जलविभाजकापासून थोड्या अंतरावर मार्ग मेसन-डिक्सन रेषा ओलांडतो. चार्ल्स मेसन व जेरेमाया डिक्सन यांनी १७६३ ते १७६७ या काळात आखलेली ही रेषा येथे पेन्सिल्व्हेनिया आणि मेरीलँड यांची सीमा आहे.

मार्गाच्या दोन्ही बाजूंचा चढ सारखा नाही. पिट्सबर्ग सुमारे २२० मी. तर कंबरलंड सुमारे १८४ मी. उंचीवर आहे. पश्चिमेकडून सुमारे २०० किमी अंतरात ५१० मी. चढावे लागते, म्हणजे सरासरी चढ पाव टक्क्याच्या आसपास आहे. पूर्वेकडून मात्र केवळ ३८ किमी अंतरात सुमारे ५४५ मी. चढ आहे. येथेही कमाल चढ पावणेदोन टक्क्यांच्या आसपासच राहतो, कारण मूळ रचना वाफेच्या इंजिनांनी ओढल्या जाणाऱ्या कोळशाच्या गाड्यांसाठी करण्यात आली होती. तुलनेसाठी, मुंबई-पुणे लोहमार्गावरील भोर घाटाचा चढ १:३७ (सुमारे २.७ टक्के) आहे.

== इतिहास ==

=== लोहमार्गापूर्वीचा काळ ===

ॲलेगेनी पर्वत ओलांडून ओहायो खोऱ्यात जाण्याची वाट शोधण्याचे प्रयत्न अठराव्या शतकापासून चालू होते. १७५४ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांनी योकोगेनी नदी जलवाहतुकीस उपयोगी पडेल काय, याची पाहणी केली. ओहायोपाइल येथील धबधब्यामुळे ती शक्यता त्यांनी सोडून दिली. १८११ मध्ये कंबरलंडपासून पश्चिमेकडे राष्ट्रीय मार्गाचे बांधकाम सुरू झाले. १८२८ मध्ये वॉशिंग्टनकडून सुरू झालेला चेसापीक व ओहायो कालवा पुढे ओहायो नदीपर्यंत नेण्याचा बेत होता. परंतु १८५० मध्ये कंबरलंडला पोहोचल्यावर तो तेथेच थांबला. कालव्याला जो डोंगर ओलांडता आला नाही, तो लोहमार्गांनी ओलांडला.

=== लोहमार्ग ===

आजचा मार्ग मुख्यतः दोन लोहमार्गांच्या जागेवर आहे. कॉनेल्सव्हिल ते मकीस्पोर्ट हा भाग पिट्सबर्ग अँड लेक इरी रेल्वेच्या ताब्यात होता. कॉनेल्सव्हिलच्या परिसरातील कोळशापासून तयार होणारा कोक पिट्सबर्गच्या पोलाद कारखान्यांकडे नेणे हे त्याचे प्रमुख काम होते. कंबरलंड ते कॉनेल्सव्हिल हा भाग वेस्टर्न मेरीलँड रेल्वेने बांधला आणि १९१२ मध्ये तो सुरू झाला. त्याच खोऱ्यात, बहुतेक ठिकाणी नदीच्या समोरच्या काठाने, बॉल्टिमोर अँड ओहायो रेल्वेचा जुना मार्ग आधीपासून होता. दोन्ही रेल्वे एकाच समूहात आल्यावर समांतर मार्ग अनावश्यक ठरला आणि १९७५ मध्ये वेस्टर्न मेरीलँडचा मार्ग बंद करण्यात आला. पोलाद उद्योगाच्या ऱ्हासानंतर, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस पिट्सबर्ग अँड लेक इरीचा हा भागही वापरातून गेला. समोरच्या काठावरील जुना मार्ग मात्र आजही चालू असून सायकलस्वारांना नदीपलीकडून मालगाड्या जाताना दिसतात.

=== सायकलमार्गात रूपांतर ===

बंद लोहमार्गाची पट्टी तुकड्या-तुकड्यांनी विकली गेली, तर ती पुन्हा जोडणे जवळजवळ अशक्य होते. ही शक्यता ओळखून वेस्टर्न पेन्सिल्व्हेनिया कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने १९७० च्या दशकाच्या अखेरीस ओहायोपाइल परिसरातील पट्टी विकत घेतली. १९८६ मध्ये ओहायोपाइल ते कॉन्फ्लुअन्स हा सुमारे १५ किमीचा पहिला टप्पा खुला झाला.

पुढील टप्पे निरनिराळ्या स्थानिक स्वयंसेवी गटांनी आपापल्या हद्दीत उभारले. या गटांमध्ये समन्वय साधण्यासाठी १९९५ मध्ये ॲलेगेनी ट्रेल अलायन्स ही संघटना स्थापन झाली. पुढे तिचे नाव ग्रेट ॲलेगेनी पॅसेज कॉन्झर्व्हन्सी असे झाले. बिग सॅव्हेज बोगद्याची दुरुस्ती झाल्यावर २००६ मध्ये मार्ग कंबरलंडला जोडला गेला. पिट्सबर्गच्या बाजूचे काम सर्वांत रेंगाळले. तेथील पट्टी कारखान्यांच्या जागा, चालू लोहमार्ग आणि खासगी मालमत्ता यांच्यामधून जात होती. त्यामुळे रुळांवरून जाणारे नवे पूल बांधावे लागले आणि जागेसाठी अनेक वर्षे वाटाघाटी कराव्या लागल्या. जून २०१३ मध्ये अखेरचा तुकडा पूर्ण झाला. पहिल्या टप्प्यापासून संपूर्ण मार्ग तयार होण्यास अशा प्रकारे २७ वर्षे लागली.

== कायदेशीर पार्श्वभूमी ==

अमेरिकेतील अनेक लोहमार्गांची जमीन रेल्वे कंपनीच्या मालकीची नव्हती. कंपनीला तिच्यावरून गाड्या नेण्याचा केवळ हक्क होता. मार्ग कायमचा बंद झाल्यास असा हक्क संपतो आणि जमीन लगतच्या मालकांकडे परत जाते. त्यामुळे जुन्या लोहमार्गावर सायकलमार्ग करण्यास ठिकठिकाणी जमीनमालकांचा विरोध झाला.

राष्ट्रीय वाटा प्रणाली कायद्यात १९८३ मध्ये करण्यात आलेल्या दुरुस्तीने, भविष्यात रेल्वेसाठी लागू शकेल या अटीवर अशी पट्टी राखून ठेवण्याची आणि मधल्या काळात तिचा वाट म्हणून वापर करण्याची सोय केली. १९९० मध्ये प्रेसॉल्ट खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरवली. मात्र बाधित मालकांना नुकसानभरपाई मागता येईल, असेही स्पष्ट केले. २०१४ च्या ब्रँट खटल्यात, १८७५ च्या कायद्याखाली रेल्वेला मिळालेला हक्क मार्ग सोडून दिल्यावर संपतो, असा निर्णय त्याच न्यायालयाने दिला. त्यामुळे पट्टी विकत घेतली आहे, राखून ठेवली आहे की सोडून दिली आहे, यावर अशा मार्गांचे भवितव्य अवलंबून राहते.

== रचना ==

मार्गाची रुंदी साधारणपणे तीन ते साडेतीन मीटर आहे. गावांबाहेरचा बहुतेक भाग खडीचा, तर पिट्सबर्ग परिसरात व काही गावांत डांबरी आहे. चुनखडीचे बारीक कण पाण्याने घट्ट बसतात आणि त्यांचा पृष्ठभाग मध्यम रुंदीच्या टायरांना पुरेसा टणक होतो. मुसळधार पावसानंतर किंवा बर्फ वितळण्याच्या काळात तो काही दिवस मऊ राहतो. अंतरदर्शक खुणा मैलांत असून शून्य मैल कंबरलंड येथे आहे.

प्रमुख बांधकामे पुढीलप्रमाणे आहेत:

* बिग सॅव्हेज बोगदा – सुमारे १,००० मी. लांब, मार्गावरील सर्वांत लांब बोगदा. आत साचणाऱ्या बर्फाने अस्तराची हानी होऊ नये म्हणून हिवाळ्यात त्याचे दरवाजे बंद ठेवतात. त्या काळात पिट्सबर्ग ते कंबरलंड असा सलग प्रवास या मार्गाने होत नाही.
* सॉल्झबरी पूल – मायर्सडेलजवळ कॅसलमनचे खोरे, महामार्ग आणि लोहमार्ग यांवरून जाणारा सुमारे ५८० मी. लांब व ३० मी. उंच पोलादी पूल.
* पिंकर्टन बोगदा – कॅसलमनच्या एका मोठ्या वळणाला छेद देणारा सुमारे २६० मी. लांबीचा बोगदा. मोडकळीस आल्यामुळे प्रवाशांना अनेक वर्षे नदीच्या वळणाने वळसा घालावा लागे. दुरुस्तीनंतर तो २०१५ मध्ये खुला झाला.
* बॉर्डन व ब्रश बोगदे – मेरीलँडमधील लहान बोगदे. ब्रश बोगद्यातून वेस्टर्न मेरीलँड सीनिक रेलरोडची पर्यटक गाडीही जाते.
* ओहायोपाइल येथील दोन पूल – योकोगेनीच्या वळणावरून जाणारे जुने रेल्वेपूल.

== मार्गावरील गावे ==

कंबरलंडपासूनची अंदाजे अंतरे: फ्रॉस्टबर्ग (२६ किमी), मायर्सडेल (५१ किमी), रॉकवुड (७० किमी), कॉन्फ्लुअन्स (९९ किमी), ओहायोपाइल (११६ किमी), कॉनेल्सव्हिल (१४३ किमी), वेस्ट न्यूटन (१८३ किमी), मकीस्पोर्ट (२१२ किमी) आणि पिट्सबर्ग (२४० किमी). ओहायोपाइलपासून जवळच फ्रँक लॉइड राइट यांनी रचलेले फॉलिंगवॉटर हे घर असून २०१९ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट आहे.

== औद्योगिक वारसा ==

आज शांत व वनाच्छादित दिसणारे योकोगेनीचे खोरे शंभर वर्षांपूर्वी खाणी आणि कोकभट्ट्यांनी भरलेले होते. १९ डिसेंबर १९०७ रोजी व्हॅन मीटरजवळील डार खाणीत झालेल्या स्फोटात २३९ खाणकामगार व मुले मृत्युमुखी पडली. त्यांत हंगेरीतून आलेल्या स्थलांतरितांची संख्या मोठी होती. होमस्टेड येथे ६ जुलै १८९२ रोजी कार्नेगी स्टील कंपनीचे संपकरी कामगार आणि पिंकर्टन संस्थेचे सशस्त्र रक्षक यांच्यात संघर्ष झाला. तेथील पंपगृहाची इमारत मार्गालगत जतन केलेली आहे.

खाणकामाचे परिणाम अद्याप पूर्णपणे मिटलेले नाहीत. बंद खाणींतून झिरपणाऱ्या आम्लयुक्त पाण्यातील लोहामुळे काही ठिकाणी मार्गालगतचे खडक व ओहोळ तांबडे झालेले दिसतात. कॅसलमनसह या भागातील प्रवाहांना अशा पाण्याचा उपद्रव दीर्घकाळ झाला असून त्याच्या शुद्धीकरणाचे काम ठिकठिकाणी केले जाते.

== वापर व व्यवस्थापन ==

मार्ग वापरण्यासाठी शुल्क नाही. सायकलस्वारांखेरीज पायी चालणारे, धावणारे आणि हिवाळ्यात बर्फावरून स्कीने जाणारेही तो वापरतात. संपूर्ण मार्ग करणारे प्रवासी साधारणपणे तीन ते पाच दिवस घेतात. उद्योग गेल्याने ओस पडू लागलेल्या गावांत त्यांच्यामुळे निवासगृहे, खाणावळी व सायकल दुरुस्तीची दुकाने सुरू झाली. पिट्सबर्ग, कॉनेल्सव्हिल व कंबरलंड येथे ॲमट्रॅकची रेल्वेस्थानके असल्याने एका दिशेने सायकलने व परत रेल्वेने असा प्रवास करता येतो.

मार्गाची मालकी एकाच संस्थेकडे नाही. राज्य उद्याने, स्थानिक प्रशासने आणि बिगरसरकारी संस्था आपापले भाग सांभाळतात. गवत कापणे, पडलेली झाडे हटवणे आणि नाल्या साफ ठेवणे ही दैनंदिन कामे बऱ्याच अंशी स्वयंसेवक करतात. बोगदे व पूल शंभर वर्षांहून जुने असल्याने त्यांच्या दुरुस्तीसाठी लागणारा मोठा निधी ही व्यवस्थापनापुढील कायमची अडचण आहे. रेल्स-टू-ट्रेल्स कॉन्झर्व्हन्सी या राष्ट्रीय संस्थेने २००७ मध्ये आपल्या सन्मानयादीत समाविष्ट केलेला हा पहिला मार्ग होय.