आरोग्य, मोबाईल आणि लोकांचा विश्वास



आज नाशकांत मोबाईल नाहीं असें घर शोधावें लागेल. वीजबिल भरणें, गॅस मागविणें हीं कामें गृहस्थ त्यावर बिनघोर करतो. परंतु आपल्या प्रकृतीची माहिती त्यांत घाला म्हटलें कीं तोच गृहस्थ सावध होतो. या सावधपणाला अडाणीपणा म्हणण्याची चाल पडली आहे. मला ती मान्य नाहीं, कारण त्याच्या पाठीमागें इतिहास आहे.

१८९७ सालीं पुण्यांत प्लेग असतां रँडसाहेबांच्या प्लेग कमिटीच्या हुकुमानें गोरे सोजीर घरोघर शिरले. रोगी हुडकून वेगळा ठेवणें हा हेतु शास्त्राला धरूनच होता. पण देवघर आणि माजघर तुडवून तो साधूं गेल्यामुळें लोक आजारी माणसालाच लपवूं लागले. २२ जूनला रँडसाहेबांवर गोळी झाडली गेली, हें सर्वांस ठाऊक आहे. त्याच वर्षीं १० जानेवारीस मुंबईंत डॉ. हाफकिन यांनीं आपण तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःला टोंचून घेतली, हें मात्र थोड्यांस ठाऊक असतें. पुढें भायखळ्याच्या तुरुंगांतील कैदी आपखुषीनें ती घेण्यास तयार झाले.

तेथून १२३ वर्षांनीं, २ एप्रिल २०२० रोजीं, केंद्र सरकारनें ‘आरोग्य सेतु’ हें ॲप काढलें. कोरोनाच्या रोग्याच्या जवळपास आपण गेलों होतों किंवा कसें, हें ब्लूटूथ व जीपीएस यांच्या योगें त्यानें सांगावें, अशी योजना होती. दीड महिन्याच्या आंत दहा कोटींहून अधिक लोकांनीं तें घेतलें. माझ्या मतें हें काम भयाचें. विश्वास अजून यावयाचा होता. १ मेच्या हुकुमानें कामावर जाणाऱ्यांस तें सक्तीचें होतांच पंचवटींतील आमच्या आळींत प्रश्न निघाले: मी कोठें जातों हें कोण पाहतो? नोंद किती दिवस राहते? १७ मे रोजीं सक्ती सैल झाली आणि २६ मे रोजीं ॲपची अंतर्गत घडण, म्हणजे सोर्स कोड, तपासणीस खुली झाली. आमच्या आळींत ती एकानेंहि वाचली नाहीं! तरी, वाचतां येणारा कोणी तरी वाचील, एवढ्यावरच आमचे एक सेवानिवृत्त पोस्टमास्तर निश्चिंत झाले.

पुढच्या वर्षीं कोविन आलें. १ मे २०२१ पासून अठरा ते चव्वेचाळीस वर्षांच्या लोकांस त्यावर आगाऊ नोंदणी केल्यावांचून लस मिळेना. येथें फारसें कोणी शंका काढीत बसलें नाहीं, कारण बदल्यांत हातीं कांहीं पडत होतें. अडचण निराळीच होती. ज्याच्याजवळ मोबाईल नाहीं त्यानें काय करावें? सरकारी केंद्रांवर जागींच नोंदणी करण्याची मुभा २४ मे रोजीं मिळाली. त्यापूर्वींची एक आठवण सांगतों. एका क्रमांकावर चौघांचीं नांवें घालतां येत. माझ्या पुतणीनें आमच्याकडे धुणेंभांडीं करणाऱ्या बाईंना आणि त्यांच्या दोन मुलांना आपल्याच मोबाईलवर घ्यावयाचें ठरविलें. बाईंनीं ॲपविषयीं कांहींच विचारलें नाहीं. त्या एवढेंच म्हणाल्या, “ताई, तुम्ही घेणार ना?”

पुतणीनें पहिलें नांव आपलेंच घातलें होतें. तें तिनें त्यांना दाखविलें. मग बाईंनीं पदराआडून तिन्ही आधारकार्डें काढून तिच्या हातीं दिलीं.