घरी जाणं आणि गावाला जाणं

परवा ऑफिसात एका ज्युनिअर मुलाने विचारलं, "या वीकेंडला गावाला जाताय का?" मी "हो" म्हणालो आणि मग डोक्यात किडा वळवळला. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी 'घरी' जायचो. 'गावाला' कधीपासून जायला लागलो?

उत्तरासाठी सव्वाशे वर्षं मागे जाऊ. १८९१ साली मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली. कोल्हापुरात राजाराम कॉलेज होतं, पण खेड्यातल्या बहुजन मुलांनी राहायचं-जेवायचं कुठे? म्हणून शाहू महाराजांनी १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग सुरू केलं. पाठोपाठ जैन, लिंगायत, मुस्लिम अशी बोर्डिंगं निघाली. एसटी यायची होती १९४८ मध्ये, त्यामुळे स्टेशनापासून लांबच्या गावातल्या मुलाला घर गाठायचं म्हणजे बैलगाडी नाहीतर पायपीट. दर शनिवारी कोण जाणार? जायचं ते दिवाळीत, नाहीतर मे महिन्यात. पण एकदा गेला, की पोरगा घरच्या कामाला जुंपला जायचा. पाहुणचार कसला!

आमच्या हुपरीजवळच्या कुंभोजला १८८७ साली जन्मलेले भाऊराव पाटील याच कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिले. पुढे १९२४ मध्ये त्यांनी साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढलं. तिथे मुलंच स्वयंपाक करायची, कष्टाची कामं करायची. यातूनच पुढे 'कमवा आणि शिका' उभं राहिलं. मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. शिकायला गेलेल्या मुलाची कामाची सवय त्यांनी मोडू दिली नाही.

माझी मात्र मोडली.

हुपरीत चांदीचं काम कारखान्याइतकंच घराघरात चालतं. एक घर तार ओढतं, दुसरं कड्या जोडतं, तिसरं घुंगरू झाळतं. आमच्या सोप्यातही पैंजणांच्या कड्या पसरलेल्या असायच्या. २००२ साली पुण्यात इंजिनिअरिंगला गेलो. पहिल्या वर्षी महिन्यातून दोनदा घरी जायचो, धुण्याची पिशवी घेऊन. सॅक टाकायची आणि बाबांशेजारी बसून कड्या जोडत कॉलेजच्या गप्पा मारायच्या. दुसऱ्या वर्षी सबमिशन्स आली, फेऱ्या कमी झाल्या. तिसऱ्या वर्षी घरी मोबाईल आला, मग काय, "फोनवर बोललोच की!" शेवटच्या वर्षी एकदा कड्यांना हात लावला, तर बाबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे, हात खराब होतील तुझे." आईने त्या दिवशी मला नवीन ताटात वाढलं. मला वाटलं, काय लाड चाललेत!

लाड कसले... पाव्हणा झालो होतो!

आपण नेहमी अंतराला दोष देतो. पण बोर्डिंगातल्या त्या मुलाचं घर आमच्यापेक्षा कितीतरी लांब होतं, तरी सुट्टीत त्याच्या वाट्याचं काम त्याची वाट बघत असायचं. माझ्या वाट्याचं काम चार वर्षांत दुसऱ्या कुणीतरी उचललं. प्रेमानेच उचललं, म्हणून तर कळलं नाही.

असो. मागच्या खेपेला न विचारता बाबांशेजारी जाऊन बसलो. पहिलीच कडी वाकडी जोडली. त्यांनी चष्म्यावरून बघितलं, ती काढली आणि चिमटा परत माझ्या हातात दिला.