तारापूरची ‘स्वस्त’ जमीन, ‘मुबलक’ मजूर : भूगोलाच्या धड्यामागचा इतिहास

शाळेच्या भूगोलात उद्योगांच्या स्थानिकीकरणाचा धडा असतो. कारखाना अमुकच ठिकाणी का उभा राहतो याची कारणे मुले पाठ करतात : जमीन, पाणी, वीज, वाहतूक, मनुष्यबळ, बाजारपेठ. बोईसर-तारापूर या यादीत चपखल बसते. पश्चिम रेल्वे दाराशी, अहमदाबाद महामार्ग जवळ, मुंबई सुमारे शंभर किलोमीटरवर, सूर्या नदीचे पाणी, स्वस्त जमीन आणि मुबलक मजूर. एवढे लिहिले की पूर्ण गुण.

आमचा आक्षेप या यादीतल्या दोनच विशेषणांवर आहे. पाऊस आणि समुद्र निसर्गाने दिला हे मान्य. पण माणूस ‘स्वस्त’ जन्माला येत नाही. त्याला कोणीतरी स्वस्त केलेले असते, आणि ते कधी व कसे केले याच्या नोंदी आहेत.

इंग्रजी अमलात या पट्ट्यात जमिनीची मोजणी झाली, सारा रोखीत भरायची सक्ती झाली. १८७८ साली दोन कायदे आले. वन कायद्याने जंगल सरकारचे झाले आणि भाताच्या राबासाठी लागणारा पाला-फाटा तोडणे गुन्हा ठरू लागले. अबकारी कायद्याने ताडीच्या झाडावर कर बसला. रोकड नसलेला वारली सावकाराकडे गेला. आधी पावसाळ्यातली खावटी, मग कर्ज, मग जमीन, आणि शेवटी स्वतःच्याच शेतावर खंडाने कूळ. लग्नासाठी पैसे उचलणारा ‘लग्नगडी’ बायकोसह मालकाच्या घरी राबायचा आणि ते कर्ज त्याच्या हयातीत फिटत नसे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस सिमिंग्टन या आयसीएस अधिकाऱ्याने सरकारला दिलेल्या अहवालात ही वेठ नोंदवलेली आहे. म्हणजे राज्यकर्त्यांना माहीत नव्हते असे म्हणायची सोय नाही.

त्या काळात इथून मुंबईला काय जायचे? लाकूड आणि गवत. शहरातल्या तबेल्यांचा चारा डहाणू-उंबरगावच्या माळावर वारल्यांनी कापायचा. १९४५ च्या लढ्यातली मुख्य मागणी याच गवताची होती : पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, जेठ्या गांगड आणि त्याचे साथी मारले गेले. या लढ्याचे नेतृत्व गोदावरी आणि शामराव परुळेकरांचे, लाल बावट्याचे. आपल्यातले काहीजण एवढे ऐकूनच पान उलटतात. त्यांच्यासाठी एक नोंद : हेच शामराव १९३७ साली बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधिमंडळात निवडून आले होते. पुढे वाटा वेगळ्या झाल्या, ते भांडण खरे आहे. पण वेठबिगारीविरुद्धच्या लढ्याला आपण परके नाही. संविधानाच्या कलम २३ मध्ये वेठबिगारीला बंदी आहे.

मग आम्ही कारखान्यांच्या विरोधात आहोत का? मुळीच नाही. बाबासाहेबांनी १९१८ मध्येच भारतातील लहान धारणक्षेत्रांवरच्या निबंधात मांडले होते की शेतीवर पोसले जाणारे माणसांचे ओझे कमी करायचे तर औद्योगिकीकरण हवे. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळताना, १९४३ मध्ये, त्यांनी स्वस्त आणि मुबलक विजेचा आग्रह धरला. लक्षात घ्या, त्यांना वीज स्वस्त हवी होती, माणूस नव्हे. आणि १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये मूलभूत उद्योग आणि शेतजमीन राज्याच्या मालकीची असावी, असे त्यांनी लिहिले.

तारापूरला वीज आली. १९६९ साली देशातले पहिले व्यापारी अणुवीज केंद्र इथे सुरू झाले. त्याला थंड ठेवायला समुद्र होता, आणि महाराष्ट्र-गुजरात दोन्हीकडे वीज नेणे सोयीचे होते. पुढे बोईसरला लागून एमआयडीसी वाढली : कापड, रसायने, औषधे, पोलाद. २००५-०६ मध्ये अणुकेंद्राचे ५४० मेगावॅटचे आणखी दोन संच चालू झाले. त्यासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही मच्छीमार-शेतकऱ्यांची गावे उठवली गेली. धड्यात ‘जमीन’ हा घटक एका शब्दाचा आहे. या दोन गावांना तो शब्द केवढ्याला पडला हे पुनर्वसन वसाहतीत जाऊन विचारावे.

समुद्राची गोष्टही तशीच. औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी नवापूरच्या किनाऱ्यावरून समुद्रात जाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांसह देशात पहिले होते, म्हणजे सर्वांत प्रदूषित. दाद मागायला राष्ट्रीय हरित लवादात गेली ती अखिल भारतीय मांगेला समाज परिषद. पापलेट आणि बोंबलावर जगणाऱ्या मांगेल्यांना ‘मत्स्यव्यवसाय’ आणि ‘उद्योग’ हे वेगवेगळे धडे परवडत नाहीत.

आणि मजूर? आज बोईसरच्या चाळींत मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहारची माणसे आहेत, पाड्यांवरची वारली मुले आहेत, आपली बौद्ध पोरे आहेत. खासगी कारखान्यात आरक्षण नाही. सार्वजनिक उपक्रमात आहे, पण ते कायम पदांना. ठेकेदाराच्या हजेरीपटाला रोस्टर नसतो. पूर्वी सावकाराची वही होती, आता ठेकेदाराचा हजेरीपट आहे. दोन्ही एकच आहेत असे आम्ही म्हणणार नाही, कारण आजच्या कामगाराकडे मत आहे, कायदा आहे. मात्र हिशेब दुसऱ्याच्या हातात ही गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे.

पाण्याचेही तेच. सूर्या प्रकल्प सिंचनासाठी म्हणून सांगितला गेला. आता त्यातून वसई-विरारला १८५ आणि मीरा-भाईंदरला २१८ दशलक्ष लिटर रोजचे पाणी देण्याची योजना आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली. पुढच्या आवृत्तीत ‘वाहतूक’ या घटकाखाली त्याचे नाव येईल.

आमच्या अभ्यासिकेत नववी-दहावीच्या मुलांना आम्ही हा धडा आता एका कामासह शिकवतो. घरचा किंवा शेजाऱ्याचा सातबारा आणायचा, त्यावरचे जुने फेरफार क्रमांक उतरवायचे, आणि तहसीलच्या अभिलेख कक्षात जाऊन जमीन कोणत्या वर्षी, कोणाच्या नावावरून कोणाकडे गेली ते वाचायचे. आदिवासी जमीन असेल तर महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ खाली परवानगी होती का, तेही पाहायचे. घरात कोणी एमआयडीसीत जात असेल तर पगारपत्रक मिळते का आणि त्यावर भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक आहे का, हे वहीत लिहायचे.