होटगीचा मालधक्का आणि ज्वारीची धारण

सोलापूरच्या आग्नेयेस असलेल्या होटगी स्थानकात ब्रॉडगेजच्या वाघिणीतली धान्याची पोती हमालांच्या पाठीवरून मीटरगेजच्या वाघिणीत चढू लागली, तेव्हा पावसाचा आणि ज्वारीच्या धारणेचा पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध सैल होऊ लागला होता.

पर्जन्यछायेतील या मुलखात मृग-हस्त कोरडे गेले की पीक बुडे आणि बाजार कडाडे; दूरचे धान्य बैलगाडीने आणावे, तर वाटेवरच्या वैरणीतच नफा संपे. तत्कालीन दप्तरांत भाव ‘रुपयाला इतके शेर’ असा लिहीत. म्हणून पाऊस उणावला की शेरही उणावत, आणि संख्याशास्त्राच्या परिभाषेत हा सहसंबंध धन ठरे. तोच भाव ‘मणाला इतके रुपये’ असा मांडला, तर तो ऋण होई. वस्तुस्थिती एकच, चिन्ह मात्र मांडणीचे.

१८७६–७८ च्या दुष्काळानंतर नेमलेल्या आयोगाने १८८० साली दुष्काळनिवारक लोहमार्गांचा पुरस्कार केला, आणि १८८४ साली सदर्न मराठा रेल्वेचा होटगी–गदग मार्ग खुला झाला. त्यानंतर चारच वर्षांनी फ्रान्सिस गाल्टन यांनी लंडनमध्ये सहसंबंधाचे मापन मांडले. १८९६ साली कार्ल पिअर्सन यांनी उणे एक ते अधिक एक या मर्यादेतील गुणांकाचे सूत्र सिद्ध केले. आणि १९०४ पासून हिंदुस्थानच्या हवामान खात्याचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर यांनी त्याच गुणांकाने आपल्या मोसमी पावसाचे दूरदेशीच्या वायुभाराशी असलेले नाते शोधले.

लोहमार्ग वाढले त्याच काळात १८९६–९७ आणि १८९९–१९०० चे दुष्काळ कोसळले, तेव्हा आगगाडीनेच दुष्काळ आणला, असे म्हणणारेही निघाले. गाडी धान्य आणते तशी नेतेही, हे त्यांचे म्हणणे यथार्थ होते; परंतु केवळ दोन गोष्टी बरोबरीने वाढल्या म्हणून त्यांत कार्यकारणभाव कल्पिणे हा काकतालीय न्याय झाला, कारण अवर्षण काही रुळांवरून आले नव्हते.

मात्र धारण परमुलखाच्या पिकाला बांधली गेल्याने भुकेची कहाणी संपली नाही. पाऊस आणि भाव यांची गाठ सैल झाली, तरी पाऊस आणि मजुरी यांची गाठ घट्टच राहिली. पोती गदगेकडून किंवा मुंबईकडून येऊ शकत, शेतमजुराची मजुरी मात्र त्याच्या गावच्या ओल्या मातीतूनच यावी लागे.